एका ओळीत दोन आज्ञा: ‘आणि’, ‘तर’, ‘नाहीतर’ यांचा थोडा इतिहास



पत्रिकेवरचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल की तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाचं संगणकाच्या आज्ञांपाशी काय काम. रास्त प्रश्न आहे. आम्ही अनेक वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. त्या विषयात एक प्रश्न असा आहे, की तो वर्गात निघाला की तास संपायचा, पण प्रश्न काही संपायचा नाही. त्याचं एक कामापुरतं उत्तर तत्त्वज्ञांनी दिलंच नाही. ते दिलं अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बसून प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींनी, आणि तेही आपण असा काही प्रश्न सोडवतो आहोत हे मनात न आणता. म्हणून आजचा विषय.

आधी प्रश्न समजून घेऊ. ‘बाहेर पाऊस पडतो आहे’ हे वाक्य खरं किंवा खोटं असतं. ‘दार लाव’ हे खरं की खोटं? दोन्ही नाही. ती आज्ञा आहे. आता अडचण अशी, की तर्कशास्त्रातला ‘आणि’, ‘किंवा’, ‘जर-तर’ हे सगळे शब्द खरे-खोटेपणावर उभे आहेत. दोन्ही विधानं खरी असतील तरच ‘आणि’ने जोडलेलं विधान खरं, अशी त्याची व्याख्या. मग ‘दार लाव आणि दिवा विझव’ यातला ‘आणि’ कशावर उभा आहे? योर्गेन योर्गेनसेन या डॅनिश तत्त्वज्ञाने १९३७-३८ च्या सुमारास हा पेच नीट मांडला. १९४१ साली आल्फ रॉस या दुसऱ्या डॅनिश विद्वानाने त्यात आणखी खोच काढली. ‘पत्र पेटीत टाक’ या आज्ञेतून तर्काच्या नियमाने ‘पत्र पेटीत टाक किंवा जाळून टाक’ ही आज्ञा निघते का? विधानांच्या बाबतीत तसं निघतं. पहिलं खरं असेल तर ‘पहिलं किंवा दुसरं’ हेही खरंच. पण पोराला पत्र टाकायला पाठवलं आणि त्याने ते जाळलं, तर ‘मी आज्ञा पाळली’ असं त्याला म्हणता येईल का?

हसू येतं, पण पेच खरा आहे. आणि त्याला आणखी एक बाजू आहे, क्रमाची. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ च्या आपल्या ग्रंथात तर्काचं बीजगणित मांडलं. त्यात ‘अ आणि ब’ म्हणजेच ‘ब आणि अ’. क्रमाला किंमत शून्य. (जाता जाता सांगतो: याच काळात हेच काम करणारा ऑगस्टस द मॉर्गन १८०६ मध्ये आपल्या मदुराईला जन्मला. आणि बूलची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. तेच एव्हरेस्ट, ज्यांच्या मोजणी खात्याने १८४१ साली इथून जवळच्या बिदरपाशी आधाररेषा मोजली. जग लहान आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यातून दुसरं काही सिद्ध होत नाही.) पण आज्ञांमध्ये क्रम नसून कसं चालेल? ‘जोडे काढ आणि देवळात जा’ हे उलटं करून बघा.

आपल्याकडे मीमांसकांनी हा क्रमाचा प्रश्न फार बारकाईने चर्चिला आहे. मीमांसा हे मुळात विधींचं, म्हणजे आज्ञांचंच शास्त्र. जैमिनीच्या सूत्रांचा पाचवा अध्याय सगळा क्रमावर आहे, आणि क्रम ठरवण्याची सहा साधनं तिथे मानली आहेत: श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती. त्यातलं एक उदाहरण विद्यार्थ्यांना नेहमी आवडायचं. ग्रंथात आधी होम करण्याची आज्ञा येते आणि मग पेज शिजवण्याची. पण होम त्या पेजेचाच करायचा आहे! मग आधी काय? मीमांसक सांगतात, लिहिलेला क्रम हा पाठक्रम आणि प्रयोजनाने ठरतो तो अर्थक्रम. दोघांत विरोध आला तर अर्थक्रम बलवान. पेज आधी शिजवा. आमच्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता, असं यावरून कोणी टाळ्या घेऊ नयेत. त्यांना आज्ञा ठाऊक होत्या, आणि तेवढं पुष्कळ आहे.

आणि आपली मराठी? ‘तलाठ्याकडं जाऊन, उतारा घेऊन, झेरॉक्स काढून बँकेत देऊन ये.’ एका ओळीत पाच आज्ञा झाल्या, आणि जोडायला वापरलं काय, तर नुसता ‘ऊन’. यात न बोललेलं बरंच आहे. तलाठी भेटलाच नाही तर पोरगं रिकाम्या हाताने झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभं राहत नाही. ते घरी येतं. म्हणजे प्रत्येक ‘ऊन’मध्ये ‘आधीचं साधलं तर’ अशी अट दडलेली आहे. माणसाला ती सांगावी लागत नाही. यंत्राला सांगावी लागते.

आता यंत्राकडे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, एंटर मारायचं आणि यंत्राने ती पाळायची, ही संगणकाशी बोलण्याची जुनी रीत. आपली आज्ञा वाचून ती यंत्राकडून करवून घेणारा जो मधला प्रोग्राम, त्याला शेल म्हणतात. शेल म्हणजे कवच. हा शब्द लुई पूझँ या फ्रेंच माणसाने मल्टिक्स नावाच्या प्रकल्पाच्या काळात रूढ केला. त्या प्रकल्पातून बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये बाहेर पडली, आणि तिथल्या केन थॉम्पसन, डेनिस रिची यांनी स्वतःची सुटसुटीत व्यवस्था बांधली: यूनिक्स. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमधल्या लिनक्सची घडण तिच्याच वळणाची आहे.

सुरुवातीला एका ओळीत एकच आज्ञा. नोव्हेंबर १९७१ मध्ये यूनिक्सची पहिली हस्तपुस्तिका निघाली तोवर शेलला दोन जोडचिन्हं आली होती. एक अर्धविराम ; आणि दुसरं &. अर्धविरामाचा अर्थ: हे कर, ते संपलं की ते कर. & चा अर्थ: हे सुरू करून दे, संपायची वाट बघू नको, पुढच्याला लाग. आपल्या आया-बहिणींना हा फरक शिकवावा लागत नाही. ‘दूध तापत ठेव आणि भाजी चीर’ यातला ‘आणि’ & आहे; ‘भाजी चीर आणि फोडणीला टाक’ यातला ‘आणि’ अर्धविराम आहे. मराठीत शब्द एकच, काम दोन.

पण नुसतं एकामागून एक म्हणणंसुद्धा सोपं नव्हतं. रिचीने पुढे यूनिक्सच्या वाढीचा इतिहास लिहिला, त्यात दोन गमती सांगितल्या आहेत. पहिली अशी. एका फाइलमध्ये दोन आज्ञा लिहिल्या: फाइलींची यादी दे, आणि यंत्रावर कोण कोण बसलंय ते सांग. दोन्हींचं उत्तर एकाच फाइलमध्ये साठवायचं होतं. उघडून पाहतात तो दुसरं उत्तर पहिल्याच्या डोक्यावर लिहिलेलं! कारण कुठपर्यंत लिहून झालं याची खूण प्रत्येक प्रोग्राम आपल्यापाशी ठेवत होता. दोन कारकून एकाच रजिस्टरात आळीपाळीने लिहिताहेत, आणि दुसरा आला की पुन्हा पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून सुरू करतो, असा प्रकार. तेव्हा ती खूण कारकुनाच्या खिशातून काढून सामायिक तक्त्यात ठेवावी लागली. दुसरी गंमत: ‘या खणातून त्या खणात जा’ ही आज्ञा एके दिवशी चालेनाशी झाली. शेलने प्रत्येक आज्ञेसाठी वेगळा हस्तक पाठवायची पद्धत नुकतीच आणली होती. हस्तक इमानाने दुसऱ्या खणात जायचा, काम झालं म्हणून तिथेच विरून जायचा, आणि शेल होता तिथेच! म्हणून ‘जा’ ही आज्ञा शेलने स्वतःच करायची, हस्तकाकडे द्यायची नाही, असं ठरलं. आम्हाला हा किस्सा फार महत्त्वाचा वाटतो. आज्ञा ‘पाळली गेली’ आणि आज्ञेचं ‘फळ आपल्याला मिळालं’ या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात.

मग आली पाइप. डग मॅक्लरॉय हे त्या प्रयोगशाळेतले गणिती. १९६४ सालीच त्यांनी टिपण लिहून ठेवलं होतं, की बागेत पाणी घालायच्या नळीला जसा आणखी एक तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. स्प्रिंकलरच्या पाइपा खांद्यावर वाहिलेल्या जळकोटच्या श्रोत्यांना हे अधिक फोडून सांगायला नको. आठ-नऊ वर्षं त्यांनी पाठपुरावा केला आणि १९७२-७३ च्या सुमारास थॉम्पसनने तो जोड यूनिक्समध्ये बसवला. आधी त्याला वेगळं, गोंधळात टाकणारं चिन्ह होतं. लवकरच | ही उभी रेघ आली. इथे दुसरी आज्ञा पहिलीनंतर येत नाही. दोन्ही एकदमच चालू होतात आणि पहिलीतून निघालेलं दुसरीत वाहत जातं.

एवढं झालं तरी आपला मूळ पेच तसाच राहिला होता. ‘साधलं तर’ ही अट एका ओळीत कशी लिहायची? हे नीट बसलं ते जानेवारी १९७९ मध्ये, यूनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीफन बॉर्न यांच्या शेलमध्ये. && आणि || ही दोन चिन्हं. सी भाषेत ती आधीपासून होती. ‘अ && ब’ म्हणजे अ साधलं तरच ब कर. ‘अ || ब’ म्हणजे अ साधलं नाही तरच ब कर.

इथे थोडं थांबू, कारण योर्गेनसेनच्या पेचाचं उत्तर या दोन चिन्हांत आहे. आज्ञा खरी की खोटी, हे शेल विचारतच नाही. तो विचारतो, झाली की नाही. यूनिक्समधला प्रत्येक प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवून जातो. शून्य म्हणजे काम झालं. १ ते २५५ मधलं काहीही म्हणजे झालं नाही. शून्याला यश का म्हणायचं? कारण होण्याची तऱ्हा एकच असते, न होण्याच्या पुष्कळ: फाइल सापडली नाही, परवानगी नव्हती, जागा संपली. प्रत्येकीला वेगळा आकडा द्यायची सोय राहते. बूलच्या बीजगणितात १ म्हणजे सर्व आणि ० म्हणजे काहीच नाही. इथे बरोबर उलटं. आणि रॉसच्या पत्राचं काय? ‘पत्र टाक || पत्र जाळ’ अशी ओळ लिहिली, तर पत्र पेटीत पडल्यावर जाळण्याची आज्ञा शेल वाचून सोडून देतो. क्रम आला, अट आली, आणि ‘किंवा’ची पळवाट बुजली. तत्त्वज्ञाने याला पूर्ण उत्तर म्हणू नये. ‘होणं’ म्हणजे काय, हे शेवटी तो प्रोग्राम स्वतःच सांगतो, आणि सांगणारा खरं सांगतो असं गृहीत धरावं लागतं. पण आज्ञांना जोडण्यासाठी खरे-खोटेपणाची गरज नाही, यशापयश पुरतं, हे १९७९ पासून जगातली लाखो यंत्रं रोज दाखवताहेत.

याने फरक काय पडतो? आपण आज्ञा मराठीतच लिहून बघू. समजा, एका कचेरीत जुन्या कागदांच्या छायाप्रती संगणकावर आहेत आणि कोणी ही ओळ लिहिली:

रद्दीच्या खणात जा ; सगळं पूस

खणाचं नाव एका अक्षराने चुकलं. ‘जा’ फसलं. अर्धविरामाला त्याचं सोयरसुतक नाही. तो दुसऱ्या आज्ञेकडे वळतो. आपण ज्या खणात उभे होतो तिथलं सगळं पुसलं जातं. तीच ओळ अशी लिहा:

रद्दीच्या खणात जा && सगळं पूस

‘जा’ फसलं की ओळ तिथेच थांबते. एका चिन्हाचा फरक. तसंच ‘नव्या जागी नक्कल कर ; मूळ पूस’ आणि ‘नव्या जागी नक्कल कर && मूळ पूस’. नवी जागा भरली म्हणून नक्कल अर्धीच झाली, तर पहिली ओळ मूळही घालवते.

मराठवाड्यात बसून हे बोलतो आहोत, म्हणून ते पुस्तकी वाटू नये. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत गेले, १९८२ पासून लातुरात. जळकोट स्वतंत्र तालुका झाला तो १९९९ मध्ये. प्रत्येक फेरबदलात दप्तरं हलली. इकडून उचलून तिकडे ठेवणं म्हणजे नक्कल आणि पुसणंच आहे, फक्त गाठोड्यांत. २०२३ मध्ये निजामकालीन नोंदी तपासायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडीतला, उर्दूतला एकेक कागद केवढा मोलाचा असतो हे या भागाने घरोघरी अनुभवलं. आता त्या कागदांच्या प्रती यंत्रात गेल्या आहेत आणि जात राहतील. त्या हलवण्याची ओळ इथल्याच एखाद्या मुलाच्या नाहीतर मुलीच्या हातून लिहिली जाणार. तिथे ; पडतो की &&, हा आम्हाला गंभीर प्रश्न वाटतो.

आता एक सापळा, ज्यात चांगले जाणतेही अडकतात. ‘अ && ब || क’ अशी ओळ दिसली की लोक वाचतात: अ साधलं तर ब, नाहीतर क. तसं ते नाही. सी भाषेत && हे || पेक्षा बलवान असतं; बॉर्नच्या शेलमध्ये दोघांचा मान सारखा आणि वाचन सरळ डावीकडून उजवीकडे. म्हणजे अ साधलं, मग ब केलं आणि ब फसलं, तरी क होतंच. आपल्या शिवारातलं उदाहरण:

पाऊस पडू दे && सोयाबीन पेर || ऊसतोडीला जा

वाचणारा म्हणेल, पाऊस झाला तर पेरणी, नाही झाला तर ऊसतोड. पण पाऊस झाला, पेरलं आणि उगवलंच नाही तर? शेल सांगतो, जा ऊसतोडीला. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाड्यातून तक्रारींचा पाऊस पडला होता. शेलचं वाचन इथल्या शेतकऱ्याला परकं वाटायचं कारण नाही. खरोखर ‘जर-तर-नाहीतर’ पाहिजे असेल, तर शेलमध्ये त्याची वेगळी, लांबलचक रचना आहे. ती वापरावी. ओळ आखूड करण्याची हौस इथे महाग पडते.

आपल्याकडे हे सगळं पोचलं कसं? मुंबईत राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटी यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास ई-मेल सुरू झाली, ती यूनिक्सच्याच सोयी वापरून. पण तालुक्याच्या गावांत ९० च्या दशकात जो संगणक आला तो डॉसचा. डॉसच्या ओळीत अर्धविरामाने दोन आज्ञा जोडायची सोयच नव्हती. १९९१ च्या पाचव्या आवृत्तीत डॉसकी नावाच्या जोडप्रोग्रामने कंट्रोल-टी दाबून एका ओळीत अनेक आज्ञा लिहू दिल्या, पण त्या आडवाटेने. डॉसमध्ये उभी रेघ होती, पण पहिला प्रोग्राम पूर्ण चालवून उत्तर तात्पुरत्या फाइलीत ठेवायचं आणि मग दुसरा सुरू करायचा, अशी. पाट नव्हे, घागरीने पाणी भरणं. त्यामुळे एका पिढीने संगणक शिकला तो ‘एका वेळी एक आज्ञा’ असाच. पुढे विंडोज एनटीत && आणि || आली; मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलमध्ये मात्र ती यायला मार्च २०२० उजाडला. बॉर्ननंतर एक्केचाळीस वर्षं.

शेवटी पाइपकडे परत येऊ, कारण तिथे एक हिशोब बाकी आहे. चार प्रोग्राम उभ्या रेघेने जोडले तर त्या ओळीचा एकच आकडा कोणता धरायचा? परंपरेने शेवटच्याचा. मधला एखादा फसला, त्याने अर्धंच पाणी पुढे सोडलं, तरी शेवटच्याने आलेलं तेवढं नीट मोजून शून्य दिलं की सगळी ओळ यशस्वी. अहवालावर शेवटच्या साहेबाची सही आहे, मग खालच्या टेबलावर काय झालं ते विचारू नका! यावर पाइपफेल नावाचा पर्याय बॅश या शेलमध्ये २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आला: मधला कुणीही फसला तर सगळी ओळ फसली असं धरायचं. पण तो मागावा लागतो, आपणहून चालू नसतो. पॉसिक्स या मानकात त्याचा समावेश झाला तो २०२४ मध्ये, म्हणजे पाइप निघाल्यावर अर्धं शतक उलटून गेल्यावर.

पलीकडच्या टेबलावर लिनक्सचं एक यंत्र मांडून ठेवलं आहे. त्यात सरावासाठी एक रिकामा खण केला आहे. पुसण्याचे प्रयोग तेवढ्यातच करायचे. दोघा-दोघांनी या. आधी ; लावून चुकीच्या खणात ‘जा’ म्हणा, मग && लावून, आणि प्रत्येक वेळी मागे कोणता आकडा राहतो तो बघा.